कावळ्याला दिलेला शब्द

माझा धाकटा भाऊ दुपारच्या झोपेत गेला. जेवला, वामकुक्षीसाठी डाव्या कुशीवर आडवा झाला आणि चहाला उठला नाही. डॉक्टरांनी मेंदूतल्या एका रक्तवाहिनीबद्दल बरंच काही सांगितलं. त्यातलं फारसं लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिले ते भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न. येणारा दारात चप्पल काढता काढताच आवाज खाली आणून विचारायचा, "दोर तुटला का?"

"नाही. झोपेत गेला."

"पण तो ते भिंतीवर चढायचं वगैरे..."

"तो फारसा चढत नव्हता. चढणाऱ्यांना धरायला जे लागतं, ते बनवायचा."

मग पाहुणा पाण्याचा पेला हातातल्या हातात फिरवत बसायचा. माणूस गेल्याचं दुःख त्याला असायचंच. पण वाटेत मनाशी जुळवत आणलेली वाक्यं एकदम निरुपयोगी झाल्याचंही असायचं. एक काका तर, "म्हणजे तसा सुखरूपच गेला म्हणायचा," असं बोलून गेले आणि स्वतःच दचकले.

तो काय बनवतो हे सुरुवातीला मलाही कळलं नव्हतं. तेव्हा तो हिंजवडीला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचा. सकाळी कोथरूडच्या कोपऱ्यावरून कंपनीची बस त्याला उचलायची आणि अंधार पडल्यावर परत आणून टाकायची. त्या कंपनीने कर्मचाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी व्हावा म्हणून कँटीन आणि पार्किंगच्या मध्ये चढायची एक भिंत उभी केली. प्लायवूडची भिंत, तिच्यावर धरून चढायला बोल्टने बसवलेले रंगीत गोळे, म्हणजे होल्ड. ताण आलेल्या माणसाने कमरेला पट्टा बांधून वर जायचं आणि ताण वर ठेवून खाली यायचं, अशी कल्पना. भाऊ एकदा चढला, अर्ध्यात निसटला, दोराला लोंबकळला आणि घरी येऊन म्हणाला, "ताई, ते सगळे होल्ड कुठल्यातरी गोऱ्या माणसाच्या पंजासाठी बनवलेत. आपला हात त्यात मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखा दिसतो."

काही महिन्यांतच त्याने नोकरी सोडली. कोथरूडमधल्या आया मुलांचे पगार कुणी न विचारता सांगत होत्या, ते दिवस होते. आमची आई तोवर राहिली नव्हती, म्हणून त्याला जाब विचारायची जबाबदारी आत्याने उचलली. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. शेजारच्याच इमारतीत राहते, ऐंशीच्या घरातली, खणखणीत. ती आली, सोफ्यावर बसली.

"सोडलीस? बरं. आता काय करणार?"

"होल्ड बनवणार."

"ते खातात की लावतात?"

"धरतात, आत्या."

"आणि धरून?"

"सोडतात. मग पुढचा धरतात."

"मग नोकरीत वेगळं काय करत होतास?" आत्या म्हणाली आणि चहा मागितला.

त्याने बाल्कनीत टेबल टाकलं. घट्ट फोमचा ठोकळा घ्यायचा, सुरीने कापायचा, कानशीने खरवडायचा आणि मग पॉलिश पेपरने तासन्‌तास घासत बसायचं. आकार मनासारखा झाला की तो भोसरीला एका छोट्या कारखान्यात घेऊन जायचा. तिथले काका त्याच्याभोवती रबर ओतून साचा करायचे आणि साच्यात रंगीत रेझिन ओतून दगडासारखा टणक होल्ड काढायचे. साच्यातून निघताना मूळ फोमचे तुकडे व्हायचे. एका आकाराची अस्सल प्रत एकच, आणि तीही टिकायची नाही. मग ते होल्ड क्लाइंबिंग जिममध्ये जायचे. तिथे रूट सेटर म्हणून एक माणूस असतो. कुठला होल्ड भिंतीवर कुठे, किती अंतरावर आणि कुठल्या कोनात बसवायचा हे तो ठरवतो, म्हणजे खालून वर जाणारी एक वाट तयार होते. काही आठवडे लोक त्या वाटेने चढतात. मग सगळे होल्ड काढायचे, धुवायचे आणि नवी वाट लावायची.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. मला ते माझ्या पद्धतीने समजलं. "म्हणजे शब्द तू बनवणार, वाक्य दुसराच कोणी लिहिणार आणि महिन्याभराने पुसूनही टाकणार," मी म्हणाले. "असल्या लिखाणाचा उपयोग काय?"

"तुझ्या ग्रंथालयात कुणीच न उघडलेली पुस्तकं किती आहेत?" त्याने विचारलं.

मी भाजी चिरायला घेतली.

बाहेरून येणारे होल्ड डोंगरातल्या खडकांसारखे दिसायचे. याचं म्हणणं, आपल्या हाताने जन्मात खडक धरलेला नसतो. त्याने धरलेली असते बादलीची कड. म्हणून त्याचे सगळे आकार घरातले होते. बादलीची कड, पोळपाटाचा काठ, धान्याच्या डब्याचं झाकण, देव्हाऱ्याची पायरी. डोळ्यांना वस्तू ओळखू यायची नाही, पण हाताला कुठेतरी ओळख लागायची. मला तो एखादा नवा आकार डोळे मिटून धरायला लावायचा आणि मी "कपाटाची मूठ" म्हणाले की खूश व्हायचा.

एकदा आमच्या सोसायटीचे अध्यक्ष घासण्याच्या आवाजाची तक्रार घेऊन आले. "एक ते चार सभ्य माणसं झोपतात," ते दारातूनच म्हणाले. भावाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. म्हणजे त्यांच्या डोक्याकडे. अध्यक्ष संध्याकाळी खाली फेऱ्या मारायचे आणि आमची बाल्कनी वरच्या मजल्यावर, तेव्हा पुढच्या निरीक्षणाला काही अडचण नव्हती. थोड्याच दिवसांत एक मोठा, गोल, केशरी होल्ड तयार झाला. वरून किंचित चपटा, मागे हलका उंचवटा. या जातीच्या होल्डला धरायला कड अशी नसते, नुसता पंजा टेकवून भरवशावर राहायचं असतं. तो फार खपला. बेंगळुरूपासून गुवाहाटीपर्यंत लोक आमच्या अध्यक्षांच्या टकलाला लोंबकळायला लागले आणि अध्यक्षांना त्याचा पत्ता नव्हता.

आत्याने एकदा त्याच्यासाठी स्थळ आणलं. "मुलगा डिझाइनमध्ये आहे," असं सांगून. मुलीच्या आईने टीपॉयवरचा एक लहानसा हिरवा होल्ड उचलला, वास घेतला आणि कौतुकाने विचारलं, "साबण घरीच करता वाटतं?"

"नाही, भोसरीला," भाऊ म्हणाला.

ते लोक पोहे संपवून गेले.

भाऊ डावरा होता. लहानपणी प्रसादासाठी डावा हात पुढे केला की आत्या त्यावर चापट मारायची. मग तो उजवा पुढे करायचा आणि प्रसाद सांडायचा. त्याच डाव्या हाताची करंगळी कॉलनीतल्या क्रिकेटमध्ये मोडली आणि वाकडीच जुळली. बाकीच्या बोटांपासून ती फटकून राहायची. पुण्यात पहिले मॉल झाले तेव्हा मला सरकत्या जिन्यावर पाय टाकता यायचा नाही. मी पायथ्याशी उभी राहायचे आणि मागे रांग लागायची. तो शेजारी येऊन डावा हात पुढे करायचा. "पायरीकडे बघू नकोस, ताई. हात धर आणि काहीतरी बोल." मी तेव्हा वाचत असलेल्या पुस्तकाबद्दल बोलायला लागायचे आणि बोलता बोलता वर पोचायचे. ती करंगळी तेवढी मनगटाला टोचायची.

तो गेल्यावर बाल्कनीतल्या टेबलावर, वर्तमानपत्राच्या कागदावर, फोमचा एक तुकडा सापडला. मुठीत मावेल एवढा, लांबट. आजूबाजूला पॉलिश पेपरचे कपटे पडलेले. एक बाजू काचेसारखी सपाट. बाकीच्या बाजू मऊ, उतरत्या, इकडेतिकडे हलके खळगे. फोमला नख लागलं तरी उमटतं, म्हणून भावाच्या मित्राने कुणालाच हात लावू दिला नाही. हा मित्र खराडीच्या जिममध्ये रूट सेटर. अकोल्याकडचा, इंजिनीअर व्हायला पुण्यात आला आणि भिंतीवरच राहिला. त्याने तो तुकडा दोन्ही तळव्यांवर उचलून उजेडात धरला.

"ताई, हे त्याचं शेवटचं काम होय."

"कशावरून?"

"ही सपाट बाजू पाहा. भिंतीले लागणारी बाजू. आन् फिनिशिंग पाहा ना. इतकं घासलेलं त्याचं एकबी काम मी पाह्यलं नाही."

सगळं जुळत होतं. माझाही विश्वास बसला.

"गुळाच्या खड्यासारखा दिसतोय," आत्या म्हणाली.

"आजी, अ‍ॅबस्ट्रॅक्ट आहे ते."

"गूळही तसाच असतो."

मित्राने तो कापसात गुंडाळून डब्यात ठेवला. एरवी होल्ड तो बटाट्यांसारखे पोत्यात टाकायचा. पण त्या डब्याकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी फक्त जुनी हस्तलिखितं बघायला येणाऱ्या लोकांची पाहिली होती.

दहाव्या दिवशी घाटावर विधी झाले. त्याला मूल नाही, म्हणून चुलतभाऊ बसला. भाताचे पिंड मांडून झाले आणि आम्ही सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळा शिवला की गेलेल्याचं मन कशात अडकलेलं नाही, असं समजायचं. पुण्याच्या घाटावरचे कावळे तृप्त असतात. शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर त्यांची झुंबड उडाली. आमच्याकडे एकच आला, तो कठड्यावर बसला आणि जुना वाचक नव्या पुस्तकाकडे बघतो तसा मान तिरपी करून बघत राहिला.

"काही इच्छा राहिली असेल तर बोला," गुरुजी म्हणाले. "मोठ्याने."

चुलतभावाने हात जोडले. "तुझी स्कूटर नीट सांभाळू."

कावळा ढिम्म.

"ताईला एकटं पडू देणार नाही. दर रविवारी येऊ."

कावळ्याने पंख साफ करायला घेतले. "तुझ्यावर त्याचा कधीच विश्वास नव्हता," आत्या चुलतभावाला म्हणाली.

सोसायटीचे अध्यक्षही आले होते. ते घसा साफ करून पुढे झाले. "घासण्याच्या आवाजाबद्दल आमची काही तक्रार नाही," ते म्हणाले. थोडं थांबले. "नव्हतीच." कावळा पाठ करून बसला.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करून शिववू का? पुढचे लोक खोळंबलेत."

तेवढ्यात मित्र पुढे आला. "भाऊ, तुझा शेवटचा होल्ड मी भिंतीवर लावतो. एकदम टॉपला. शब्द देतो."

कावळा कठड्यावरून खाली उतरला. उड्या मारत पिंडाजवळ आला आणि थांबला.

"आणि ही चढेल!" आत्या माझ्याकडे बोट दाखवून ओरडली. "ही वर चढून हात लावेल त्याला!"

कावळ्याने नुसत्या शिवण्यावर भागवलं नाही. भाताचा मोठा लचका तोडला आणि तो नदीपलीकडे निघून गेला.

"झालं," गुरुजी म्हणाले. "मोकळा झाला."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

मी पन्नाशी उलटलेली बाई. सरकत्या जिन्याला घाबरणारी. ग्रंथालयात वरच्या फळीवरचं पुस्तक हवं असलं तर शिपायाला हाक मारणारी. शिवाय शिकलेली, कावळा भुकेने येतो हे मला माहीत आहे. घरी आल्यावर मी हे सगळं आत्याला सांगितलं.

"भूक लागली होती ना? मग आधी का नाही आला?"

"योगायोग असतो, आत्या."

"असू दे. योगायोगाला दिलेला शब्द मोडायचा असतो का?" आणि मग अगदी शांतपणे, "तू नकोच चढूस. शब्द मी दिलाय. मी चढेन."

मला ती धमकी वाटली. पण दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला. "ताई, आजी बुटाचा नंबर सांगून राहिल्या. पायाला भोवरी आहे म्हणे, रुंद बूट ठेव म्हणे. मी काय करू?"

मी चढायला हो म्हणाले. आत्यासाठी म्हणाले, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर त्याच दिवशी भोसरीहूनही फोन आला होता. साचा उत्तम झाला, पण फोम आतून नेहमीसारखा तुकडे होऊन निघाला, असं कारखान्याचे काका सांगत होते. आणि नेहमीसारखंच असूनही त्यांचा आवाज पडला होता. त्याने शेवटची घडवलेली वस्तू आता नव्हती. तिचा आकार तेवढा उरला होता आणि तो खराडीला एका भिंतीच्या टोकाशी लागणार होता. मला तो आकार हातात हवा होता. विचारलं असतं तर काकांनी मला घरी ठेवायला एक ओतून दिला असता. पण आत्याने बजावलं, "खालीच हात लावलास तर वर जायचं कशाला?" तेव्हा मला वर जावंच लागणार होतं.

त्या दिवसांत दुपारी फार शांत असायचं. एकदा अध्यक्ष जिन्यात भेटले, बोलू की नको असं करत म्हणाले, "हल्ली एक ते चार डोळा लागत नाही. त्या घरघरीची सवय झाली होती." मलाही नव्हता लागत.

कोथरूडहून खराडी म्हणजे सगळं शहर आडवं कापायचं. आत्या रिक्षात माझ्याबरोबर असायची, मी मध्येच उतरून पळेन म्हणून. जिम म्हणजे आयटी पार्कच्या मागची उंच पत्र्याची शेड. आत गाणी लावलेली, जमिनीवर सगळीकडे जाड गाद्या, आणि कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून भिंतींना चिकटलेली मुलं-मुली. आत्याने दाराशी चप्पल काढली, गादीवर मांडी घातली, हाताने दाबून पाहिलं. "गादी चांगली आहे. कापसाची दिसत नाही."

बूट मुद्दाम लहान मापाचे घालायचे असतात; बोटं आत मुडपून बसतात. हात घसरू नयेत म्हणून त्यांना पांढरी पावडर लावायची. माझ्या पंजाबी ड्रेसवरून मित्राने कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळले.

"हिला पार्सल करून कुठे पाठवताय?" आत्याने विचारलं.

पहिल्या दिवशी मी साधारण आत्याच्या उंचीएवढी वर गेले आणि थांबले. वरही जाता येईना, खालीही येता येईना.

"ताई, सोडा. दोर मी धरून आहो."

"सोडता येत नाही."

"हात दुखून राहिले ना?"

"दुखतायत."

"मग सोडा ना."

"दुखतायत म्हणून सोडायचं?" मी भिंतीला तोंड लावूनच म्हणाले.

मागून एक मुलगा ओरडला, "कमॉन काकू!" दुसऱ्याने त्याला दटावलं, "काकू काय? ताई म्हण."

"काहीही म्हणा, ती ऐकत नाही," आत्याने दोघांना सांगितलं.

शेवटी मित्राने शिडी आणून मला उतरवलं. उतरताना माझा हात एका निळ्या होल्डवरून सरकला आणि मी म्हणाले, "अरे, ही तर आमची बादली."

"कोणती बादली? तो चंद्र आहे ना, ताई. अर्धा चंद्र."

"बादली आहे. न्हाणीघरातली. कड एका जागी दबलेली आहे बघ." मग मी त्याला एकेक दाखवत गेले. हे डब्याचं झाकण. हा पोळपाट. ही देव्हाऱ्याची पायरी. केशरी होल्डपाशी आल्यावर मी आवाज खाली केला आणि तो कोण आहे तेही सांगितलं. मित्र ऐकता ऐकता गादीवर खाली बसला.

"इतकी वर्षं मी हे लावून राहिलो," तो म्हणाला. "आन् मले कुणी सांगितलं नाही का हे घर आहे म्हणून!"

त्याने माझी वाट काढून टाकली आणि नव्याने लावली. खाली बादली, मग देव्हारा, मग डबे, मग पोळपाट; आमच्याकडे सकाळ ज्या क्रमाने होते त्या क्रमाने. पुढच्या खेपांना माझे हात पुढचा होल्ड न बघताच तिकडे जायला लागले. भीती गेली नाही, पण तिला काहीतरी काम मिळालं. टोकाच्या अलीकडे पाय ठेवायला काहीतरी मोठं लागतं म्हणून त्याने तिथे अध्यक्ष बसवले. आणि त्यांच्या वर, सगळ्यात शेवटी, तो लांबट राखाडी आकार. कसा लावायचा यावर जिममध्ये बराच वाद झाला होता, कारण त्याला वर-खाली असं काही दिसतच नव्हतं. शेवटी एका बाजूला अंगठ्याचा खळगा आहे असं मित्राला वाटलं आणि त्या हिशेबाने त्याने तो उजव्या हातासाठी लावला.

ठरलेल्या दिवशी चुलतभाऊ आला नाही, रविवार होता. अध्यक्ष मात्र आले. सोसायटीतर्फे, म्हणाले. आत्याने थर्मासमधून त्यांना चहा दिला. मी दोर बांधून घेतला आणि निघाले. बादली, पायरी, डबे. पोळपाटापर्यंत श्वास जागेवर होता. केशरी होल्डपाशी आले आणि उजवा पाय शिलाई मशीनसारखा हलायला लागला.

"ताई, डोक्यावर पाय द्या!" मित्र खालून ओरडला. "जोरात द्या!"

"कुणाच्या डोक्यावर?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुम्ही वर बघा," आत्या म्हणाली.

मी पाय दिला. तो टिकला. "केशरी चांगला आहे," अध्यक्ष खालून म्हणाले. "घट्ट दिसतो."

मी उठून उभी राहिले. राखाडी होल्ड अगदी तोंडासमोर आला. मी उजवा हात टाकला आणि तो बसेना. अंगठा गेला खळग्यात, पण बाकीची बोटं नुसती घसरत होती. त्याचा शेवटचा होल्ड, आणि तो धरताच येत नव्हता. मला रडू यायला लागलं. तोल जाऊ नये म्हणून मी डावा हात वरून, उलटा, त्याच्यावर टाकला.

तो बसला. अंगठा खळग्यात, तीन बोटं तीन उथळ चरांत. करंगळीला तेवढी जागा मिळेना. तिचा चर बाजूला होता, बाकीच्यांपासून फटकून.

पॉलिश पेपर कुणी नुसता हातात धरून घासत नाही. कशावर तरी गुंडाळून घासतात. इतकी वर्षं मी बाल्कनीतली ती घरघर ऐकली आणि कागदाच्या आत काय आहे हे कधी पाहिलं नाही. सपाट बाजू कागदाखालची होती. बाकी सगळं त्याच्या पंजाने केलेलं होतं. बादली आणि पोळपाट आणि अध्यक्ष घासता घासता, त्याला न कळत. आम्ही त्याच्या घासायच्या ठोकळ्याचा साचा काढला होता, त्याला राखाडी रंग दिला होता आणि मानाने भिंतीच्या टोकावर लावला होता.

"ताई, झालं! सोडा आता!"

मी सोडलं नाही. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी बोलायला लागले. तुझा ठोकळा लावलाय त्यांनी, म्हणाले. भोसरीला त्याचे तुकडे झाले. स्कूटर अजून पार्किंगमध्येच आहे. अध्यक्षांना दुपारी झोप लागत नाही. मी सध्या काही वाचत नाहीये, त्यामुळे सांगण्यासारखं दुसरं काही नाही. मग मी एकेक बोट काढलं, करंगळी शेवटी, आणि दोराने मला खाली आणलं.

सगळे टाळ्या वाजवत होते. मी त्या थांबायची वाट पाहिली.

"हा होल्ड नाही," मी म्हणाले. "हा त्याचा घासायचा ठोकळा आहे. यावर तो पॉलिश पेपर गुंडाळायचा."

कुणीतरी जाऊन गाणी बंद केली. मित्र वर बघत राहिला.

"सपाट बाजू..." तो म्हणाला.

"कागदाखालची."

"आन् बेंगळुरूवाले याचा सेट मागून राहिले ना ताई. मिनिमल आहे म्हणते."

"धरता येतो का पण?" आत्याने विचारलं.

"येतो. डाव्या हाताला. पण लावलाय उलटा."

आत्याने विचार केला. "मग शब्द पुरा झाला नाही. उलट्याला हात लावेल असं मी म्हटलं नव्हतं."

"नियमाप्रमाणे हात लागलेला आहे," अध्यक्ष म्हणाले.

"तुम्ही कावळा आहात का?"

अध्यक्षांनी चहाचा घोट घेतला. मित्र शिडी लावून वर गेला आणि त्याने बोल्ट सैल केला. ठोकळा भिंतीवर हळूहळू फिरायला लागला. "ताई, कसा धरायचा तो?" त्याने वरूनच विचारलं. "नक्की कसा?"

मी डावा हात वर केला. अंगठा आत, तीन बोटं जवळ, करंगळी बाहेर, आणि हवेत मागेपुढे घासून दाखवलं. शेजारच्या मुलीने नीट समजावं म्हणून तसंच केलं. मग तिच्या मागच्या मुलाने केलं. हळूहळू ओळखपत्रं लटकवलेली ती सगळी मुलं डावे हात वर करून हवा घासायला लागली, आणि त्यांच्यात अध्यक्षही, चहाचा पेला उजव्या हातात सांभाळत. मित्र शिडीवरून खाली त्या हातांकडे बघत होता आणि बघून ठोकळा फिरवत होता.

आत्या सगळ्यांत शेवटी उठली. तिने आपला डावा हात आधी मांडीवर ठेवून पाहिला, मग वर केला. तिची करंगळी वेगळी राहीना, म्हणून ती तिने उजव्या हाताने ओढून बाहेर धरली.

"अजून थोडा फिरव," ती म्हणाली. "थोडा. हां."

मी डाव्या हाताला पावडर लावली आणि दोर मागितला.